डोंगराची बाजू

कापूस वेचणीला आला की अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या होतात. फुलांनी नव्हे. काठोकाठ भरलेल्या गाड्या फांद्यांना घासून जातात आणि काट्यांत कापसाचे पुंजके अडकून राहतात. वारा ते पिंजतो, पहाटेचे दव त्यांना जड करते, ऊन पुन्हा फुलवते. बडनेरा मागे पडून मूर्तिजापूर जवळ आले की खिडकीतून येणाऱ्या हवेला सरकीचा तेलकट, किंचित गोड वास लागतो. परवा एस.टी.त बसले असताना तो वास आला आणि माझी बोटे आपोआप मिटली, जणू मुठीत अजून कॉफीचे चार दाणे आहेत. काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात मी दर रविवारी ह्याच रस्त्याने अकोल्याला जात असे. डोंगराच्या बाजूने लढायला.

रणभूमी होती मांजरपाटाचे एक चौकोनी कापड. ते शबानाने रंगवले होते. शबाना आणि मी अमरावतीच्या वसतिगृहात तीन वर्षे एका खोलीत राहिलो. मी मराठी घेतले, तिने गणित. पुढे मी तिथेच एका महाविद्यालयात कविता शिकवू लागले, ती अकोल्याला आपल्या वडिलांच्या घरी राहून गणित शिकवू लागली. आणि त्या वर्षी, आम्हा सर्वांच्या भुवया उंचावल्या असताना, तिने नोकरी सोडली, कारण तिला एक खेळ पुरा करायचा होता. चौघांनी मिळून खेळण्याचा, डावपेचांचा. त्याचे नाव चतुःसीमा. शेताच्या कागदावर पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण असे लिहिलेले असते, त्या रकान्यातून तिने हा शब्द उचलला होता.

कापडावर मधाच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरे होती आणि चार कडांना चार मुलूख. काळ्या मातीच्या बाजूला पीक भरभरून येई, पण धान्य हलवायला तिला दुप्पट वेळ लागे. नदीवरून धान्य झपाट्याने हले, तिच्या काठी साठवण मात्र थोडी. बाजाराकडे स्वतःचे काहीच उगवत नसे, पण अदलाबदल तो हवी तेव्हा करी. आणि डोंगर: उंचावर असल्यामुळे त्याला दुसऱ्याच्या हातातल्या पत्त्यांतले एक झाकलेले पान पाहता येई, आणि रानातले त्याचे एक पेव सुरुवातीलाच भरलेले असे. जमिनीखालची अशी सात पेवे जो आधी धान्याने भरील, तो जिंकला. कापडाच्या मध्यावर एकच निळे घर होते, पाणवठा. चारी बाजूंपासून सारख्या अंतरावर, आणि तो जो आधी धरील त्याची पेवे लवकर भरत. सोंगट्या विकतच्या नव्हत्या. काळीसाठी सरकी, नदीसाठी पूर्णेच्या पात्रातले गुळगुळीत खडे, बाजारासाठी कवड्या आणि डोंगरासाठी चिखलदऱ्याहून आणलेले कॉफीचे दाणे. खेळता खेळता बोटांना त्यांचा कडवट वास लागे आणि परतीच्या बसमध्ये तो मुलायम होत जाई.

मला ह्या खेळात सर्वांत आधी काय आवडले असेल, तर त्याची धिटाई. चौघांना सारखेच बळ देऊन मोकळे होणे सोपे आहे. बुद्धिबळात दोन्हीकडे तेच राजे, तेच घोडे. शबानाने चौघांना वेगळे केले आणि तरी सारखे ठेवायचे ठरवले. मात्रावृत्त शिकवताना मी मुलींना हेच सांगत आले आहे. एका ओळीत अक्षरे जास्त, दुसरीत कमी; एकीत लघूंची झिमझिम, दुसरीत गुरूंची पावले. पण मात्रा भरल्या की दोन्ही ओळी एकाच श्वासात मावतात. कविता तसे करू शकते हे मला ठाऊक होते. नदी आणि डोंगर ह्यांच्या मात्रा जुळवता येतात, हे मी त्या कापडावर प्रथम पाहिले.

पुण्यातल्या एका खेळ छापणाऱ्या माणसाला खेळ आवडला होता. त्याची अट साधी होती. चारी बाजूंना जिंकण्याची सारखी संधी असेल तर तो छापणार. नियमांचा अखेरचा मसुदा संक्रांतीच्या आत त्याच्या हाती पडायला हवा, कारण एकदा छापल्यावर नियम बदलता येत नाहीत. एक बाजू जड निघाली तर खेळ परत. शबाना हे सांगताना आवाज चढवत नसे. "एक बाजू जड असेल तर तो खेळ नाही," ती म्हणे, "ती नटवलेली फसवणूक आहे. मग त्यानं तो परतच करावा."

तेव्हा पारख करायची होती, आणि तिला चार माणसे हवी होती. एक ती स्वतः. दुसरे तिचे अब्बा. सारे आयुष्य त्यांनी कापसाची प्रत ठरवण्याचे काम केलेले. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगायची. कापसावर पाणी शिंपडले असेल तर ते त्यांच्या तळहाताला कळे. तिसऱ्या मालतीकाकू, शेजारच्या. त्यांची शेती अकोटकडे, बिऱ्हाड जठारपेठेत, आणि जीभ दोन्हीकडे सारखीच चालणारी. चौथी मी.

रविवारी अकराच्या सुमारास मी पोचे. अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा वाळवणीसारख्या पसरलेल्या असत आणि त्या सोलता सोलता मालतीकाकूंची बोटे काळपट झालेली असत. आतून त्याच ताज्या दाण्यांच्या सोलेभाताची फोडणी येई. अब्बा भिंतीकडची उशी मला देत, चहाचा पहिला कप मला देत, आणि कापड पसरले की तळहात पुढे करून म्हणत, "चलो बेटा, बिस्मिल्लाह तुमसे." मी कॉफीचा दाणा उचलून पुढे सरकवी. मग माझ्या उजवीकडून शबाना, मालतीकाकू, अब्बा.

पहिल्या रविवारी डोंगर जिंकला. मला गंमत वाटली. दुसऱ्या रविवारीही जिंकला. तिसऱ्या रविवारी दुपारचे ऊन कापडावरून कलंडत असताना माझे सातवे पेव भरले आणि शबानाने वही पुढे ओढली. त्या वहीत प्रत्येक डावाचे सारे होते: कोणती बाजू, किती फेऱ्या, कोणाची किती पेवे. "डोंगर जड आहे," ती म्हणाली, आणि डोंगराची दृष्टी काढून घेतली. आता त्याला कुणाचे पान दिसणार नव्हते.

पुढच्या रविवारी आंधळा डोंगर जिंकला. मग रानातले भरलेले पेव गेले. तरी जिंकला. मग डोंगरावरून धान्य खाली उतरवताना एक फेरी थांबायचे असे ठरले.

"काहून वो शबाना," मालतीकाकू शेंगेचे साल फेकत म्हणाल्या, "डोंगर होता, त्याची टेकडी केली. पुढच्या ऐतवारी वारूळ करून टाक. ही कवितावाली बाई वारुळातूनबी जिकते का नाई पाय."

"काकू, मी काय करू? तो थांबतच नाही."

"त्याले दोष नोको देऊ. त्याच्या पाठीवर कोन बसलं हाय ते पाय."

अब्बा हसले. "शायर लोग हैं भाई. क्या सोचते हैं, किसको मालूम."

मी संकोचाने काहीतरी पुटपुटले, पण आत कुठेतरी सुखावले, हे आज कबूल करते. शायरलोकांची चाल कुणाला कळत नाही, असे मलाही वाटू लागले होते. दर रविवारी डोंगराचे एकेक बळ जाई आणि मी ते माझ्या बुद्धीच्या खात्यावर जमा करी. शबाना मात्र वाळत चालली होती. संक्रांत जवळ येत होती, कापसाची दुसरी वेचणी सुरू झाली होती, आणि तिचा डोंगर लंगडा, आंधळा, रिकामा होऊनही हरत नव्हता. नियमांच्या कागदावर खाडाखोड वाढत होती. एकदा तिने कापडाच्या डोंगराकडच्या कडेवर तळहात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि म्हणाली, "ह्याला मी काय काय केलं, बघ."

मग एका रविवारी मालतीकाकूंची नणंद अचलपूरहून आली. ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज, खेळ ऐकून घेतला आणि म्हणाली, "मीबी बसतो." काकूंनी आपली जागा तिला दिली, म्हणून काळीची सरकी तिच्या हाती आली. काळी तोवर एकदाही जिंकली नव्हती. अब्बांनी सवयीने तळहात पुढे केला, पण तो माझ्याकडे वळला नाही. नवी पाहुणी ती होती. "बहनजी, आप शुरू कीजिए."

नणंदबाईंनी सरकी अशी टिचकावली जणू पेरणीच करीत होत्या. त्यांना नियम निम्मे कळले होते. तरीही काळी जिंकली, आणि डोंगर चौथा आला.

अब्बा त्यांचे कौतुक करीत होते, काकू नणंदेला चिमटे काढत होत्या. शबाना वहीची पाने मागे उलटत होती. एक, दोन, तीन, पहिल्या रविवारपर्यंत. मग तिने विचारले, "आज पहिली चाल कुणाची होती?"

"त्यांची," मी म्हणाले.

"आणि आजवर?"

आजवरची प्रत्येक पहिली चाल माझी होती. पाणवठा चौघांपासून सारख्या अंतरावर, म्हणजे जो आधी निघेल तो आधी पोचेल. आणि मी नेहमीच आधी निघाले होते. डोंगर जड नव्हता. डोंगराच्या बाजूला पाहुणी बसत होती.

"सगळं लिहिलं," शबाना म्हणाली, "सुरुवात कोण करतं तेवढंच लिहिलं नाही. लिहायचं सुचलंच नाही. पाहुणा असताना आपण आधी कसं खेळणार?"

त्या वाक्यापाशी मी अजून थांबते. तिने नियम केले होते आणि ते एकेक करून तोलले होते. पण जी गोष्ट घरात नियम नव्हती, रीत होती, ती तिच्या तराजूत पडलीच नाही; कारण रीत दिसत नाही, ती अंगवळणी असते. भाताचा पहिला घास, भिंतीकडची उशी, पहिली चाल. आम्ही एका निरपराध डोंगराला महिनाभर छाटत होतो, आणि जे त्याला जिंकवत होते ते आमचे सौजन्य होते. दुसऱ्या गावी हा खेळ पारखला असता तर कदाचित ही चूक झालीच नसती. तिथे धाकट्याने आधी खेळायचे असते, किंवा फासा टाकून ठरवतात. ही चूक करायला वऱ्हाडातलेच घर हवे होते.

आणि तिथेच मी शबानाचे मोठेपण पाहिले. तिच्या हाती थोडे दिवस उरले होते. लंगडा डोंगर तसाच ठेवून, सुरुवात कुणी करायची ते चिठ्ठीने ठरवा एवढी ओळ घालून, मसुदा पाठवता आला असता. तिने तसे केले नाही. डोंगराची दृष्टी परत दिली. रानातले पेव परत भरले. उतरतीची थांब खोडली. तिने कागद स्वच्छ हाताने पुन्हा लिहिला आणि मला म्हणाली, "नाताळची सुट्टी इथं काढ. रोज खेळू. तू पहिल्या चालीमुळे जिंकत होतीस की चांगली खेळतेस म्हणून, हे वेगळं करायचं तर तुला शेवटी खेळावं लागेल." मी हो म्हणाले. त्या प्रश्नाचे उत्तर मलाही हवे होते, आणि नकोही होते.

सुट्टीच्या पहिल्या दुपारी चार सोंगट्या पिशवीत घालून क्रम काढला. अब्बा पहिले, मी शेवटची. अब्बांनी खडा उचलला, कापडावर नेला, आणि तसाच मागे घेतला. "बेटा, मेरी बारी तुम ले लो."

"अब्बा," शबाना म्हणाली.

"तू गप. कायदा तेरा है, घर मेरा है. मेहमान को आखिर में बिठाऊँ?"

मी पुढे सरकले, नको म्हणत, पण शबाना माझ्याकडे पाहत नव्हती. ती सावकाश म्हणाली, "अब्बा, ये मेहमाननवाज़ी नहीं. मिलावट है."

अब्बांचा हात कापडावर स्थिर झाला. ओल्या कापसाला कोरडा म्हणून विकणाऱ्यांना ज्यांनी आयुष्यभर तळहाताने ओळखले, त्यांना त्यांच्याच लेकीने हा शब्द ऐकवला होता. त्यांनी खडा खाली ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत चुलीवरच्या भाताचा वास दाटत होता. उन्हात त्यांची पाठ दिसत होती, पांढऱ्या सदऱ्याची, हलत नसलेली.

शबानाचे डोळे भरले होते. मालतीकाकू मात्र सरक्या एका ओळीत मांडत बसल्या होत्या. मांडता मांडता म्हणाल्या, "आमच्या सासरी एकच आंबा. तिघं भाऊ. थोरल्यानं वाटे करायचे अन् शेवटचा वाटा त्यानं उचलायचा. वाटे करताना मंग त्याचा हात असा चाले, तराजू काय चालंन. तुम्ही पैली चालबी घेता, अन् बाजूबी आपल्याच मनाची घेता. हे कसं वो? पैलं चालायचं त्यानं बाजू शेवटी घ्यावी. जो शेवटी चालंन त्यानं बाजू पैले निवडावी."

शबानाने कागद ओढला. तो नियम आज जसा छापलेला आहे तसाच तिने त्या दुपारी लिहिला: पहिली चाल कुणाला द्यायची ते ज्या त्या घरच्या रीतीवर सोडावे, मात्र पहिली चाल घेणाऱ्याने आपली बाजू सर्वांत शेवटी निवडावी. मला आजवर भेटलेल्या उत्तम ओळींपैकी ही एक आहे. ती रीतीला दाराबाहेर काढत नाही. तिला आत घेते, पाणी देते, आणि तिची किंमत सांगते.

खेळ छापला गेला. माझ्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात एक डबा आहे; सोंगट्या आता लाकडी, रंगवलेल्या. परवाच जिन्यावरून जाताना दोघींचे भांडण ऐकले. "पैली चाल तूच घे वो बाई, मले डोंगर पायजे." "तू घे पैली. मागच्या वेळीबी मलेच देली होती." एखाद्या गोष्टीसाठी माणसे सहसा भांडतात ती मिळावी म्हणून. ह्या मुली पहिली चाल एकमेकींवर ढकलत होत्या, आणि मला वाटले, मात्रा भरली.

पण त्या नियमाची पहिली पारख झाली ती तो लिहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, नाताळच्या त्या सुट्टीत. रात्रभर अब्बा लेकीशी बोलले नव्हते. मी उठून बाहेरच्या खोलीत आले, तेव्हा मागच्या परसातून गारठा येत होता आणि कापड आधीच पसरलेले होते. कोणी पसरले ते विचारायची गरज नव्हती. कडा सुतात लावल्यासारख्या सरळ होत्या. अब्बा खाली बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितले, "बेटा, चाय चढा दो. चार कप. मेरी फीकी रखना. अदरक मटके के पास है."

त्या घरात मला कुणी काम सांगण्याची ती पहिली वेळ. मी स्वयंपाकघरात गेले, आले शोधले, ठेचले. दूध उतू जाता जाता वाचवले. बाहेर मालतीकाकू आल्याचा आवाज आला, "आज पावनीनं चहा केला म्हंते," आणि अब्बांचे उत्तर, "कौन मेहमान? यहाँ तो कोई नहीं."

मी कप ठेवले. शेवटी चालायचे होते, म्हणून बाजू आधी निवडली, डोंगरच. अब्बांना उरलेली नदी मिळाली. त्यांनी गुळगुळीत खडा उचलला, माझ्याकडे पाहिले नाही, आणि तो थेट पाणवठ्याच्या रोखाने सरकवला.

दोन तास खेळलो. डोंगराला त्याचे सारे बळ परत मिळाले होते आणि ते कसे वापरायचे हे मला माहीत नव्हते, कारण मला ते कधी वापरावेच लागले नव्हते. बाजाराने मला रिकामे केले, काळीने वाट अडवली. मालतीकाकू जिंकल्या. त्या आठवड्यात पुढे साऱ्याच बाजू जिंकणार होत्या, डोंगरही, आणि माझ्या हातून नव्हे. शबानाने वही उघडली, नवा रकाना आखला, आणि पहिल्यांदा क्रम लिहिला. 

मी चौथी आले होते. मालतीकाकू सरक्या गोळा करीत होत्या, अब्बा बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. हरल्याबद्दल कुणीही माझी समजूत काढली नाही.